लेख परत आला तर? गोव्यातल्या नव्या मुक्तलेखकांसाठी

गोव्यात राहून मराठीत मुक्तलेखन करायचं म्हटलं तर कामाची ठिकाणं बरीच आहेत. रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंक, आकाशवाणीच्या पणजी केंद्रावरची भाषणं, नाट्यस्पर्धेसाठीच्या संहिता, सरकारी पुस्तिकांचे अनुवाद, हॉटेलांची आणि बांधकाम व्यावसायिकांची माहितीपत्रकं. यातल्या प्रत्येक ठिकाणी 'नको' ऐकायची वेळ येते. ज्यांचा जम बसला आहे त्यांच्यावरही येते, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. खाली जे सांगते आहे ते मन घट्ट कसं करावं याविषयी फारसं नाही. नकाराची नोंद वहीत गेली आणि पुढचं काम तिथेच लिहिलेलं असलं, की मनावरचा अर्धा भार उतरतो असं माझं मत आहे, म्हणून वहीपासूनच सुरुवात करू.

पहिली पायरी: पाठवण्याच्या दिवशीच पुढचं ठिकाण लिहा

साधी शंभर पानी वही घ्या, किंवा एक्सेलची फाइल करा. रकाने असे: लेखाचं नाव, शब्दसंख्या, कुठे आणि कोणाच्या नावे पाठवला, तारीख, विचारपूस कधी करायची, काय उत्तर आलं, आणि पुढचं ठिकाण. यातला शेवटचा रकाना लेख पाठवतानाच भरायचा. नकार हातात आला की त्या संध्याकाळी 'आता हे कुठे देऊ?' असा विचार करण्याचं त्राण उरत नाही. वहीत आधीच 'आकाशवाणी, छोटं भाषण' असं लिहिलेलं असलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागता येतं.

एकच लेख एकाच वेळी दोन दैनिकांना पाठवू नका. अख्खा गोवा बारा तालुक्यांचा, आणि रविवारी सकाळी चहाबरोबर दोन-तीन पेपर चाळणारा वाचक तोच असतो. एकाच दिवशी दोन पुरवण्यांत तुमचा तोच लेख दिसला तर तेलही जातं आणि तूपही जातं. त्याऐवजी पत्राच्या शेवटी एक ओळ घाला: 'हा लेख अन्यत्र पाठवलेला नाही. अमुक तारखेपर्यंत आपला निर्णय कळवावा, त्यानंतर तो इतरत्र देण्याची मोकळीक घेईन.' नवख्या लेखकाने असं लिहिणं उद्धटपणाचं दिसेल, अशी भीती अनेकांना वाटते. माझ्या मते संपादकालाही ते सोयीचंच पडतं.

दुसरी पायरी: टाळता येणारे नकार आधीच टाळा

बरेच लेख वाईट म्हणून परत येत नाहीत, उशिरा पोचले म्हणून येतात. माशेलचा चिखलकाला आषाढात, वास्कोचा सप्ताह श्रावणात, शिगमो फाल्गुनात. उत्सवाच्याच आठवड्यात लेख पाठवलात तर तोवर पुरवणीची पानं लागलेली असतात. निदान सहा आठवडे आधी लेख संपादकाच्या टेबलावर हवा. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची, तिचं वेळापत्रकही तितकंच मुरलेलं आहे. जुळवाजुळव उन्हाळ्यात सुरू होते आणि ऐन पावसाळ्यात बहुतेक अंकांची पानं भरत आलेली असतात. गणपती झाल्यावर कथा पाठवून नकार आला, तर त्याचा कथेच्या दर्जाशी संबंध लावू नका.

काही दिवसांना गर्दी असते. १८ जूनचा क्रांतिदिन, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, १६ जानेवारीचा जनमत कौल (गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावरच्या मतदानाचा दिवस), नोव्हेंबरातला इफ्फी हा चित्रपट महोत्सव: या निमित्तांनी प्रत्येक संपादकाकडे लेखांचा ढीग येतो, आणि त्यात निवृत्त प्राध्यापकांपासून स्वातंत्र्यसैनिकांच्या नातवंडांपर्यंत सगळे असतात. नव्या माणसाने तिथे उतरायचंच असेल तर गावातला छोटा धागा पकडावा. मुक्तिसंग्रामाचा सगळा इतिहास आठशे शब्दांत सांगणारा लेख दर डिसेंबरात कोणीतरी लिहितंच.

फाइलचंही पाहा. मजकूर युनिकोडमध्ये, वर्डच्या फाइलमध्ये पाठवा. अनेक कार्यालयांत पानं अजून जुन्या फॉन्टमध्ये लागतात. रूपांतर करताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून सोबत पीडीएफ जोडा, म्हणजे मूळ शब्द काय होता ते कळतं. फोटो वर्डमध्ये चिकटवू नका, वेगळे पाठवा. हस्ताक्षरातल्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकले तर ते टाइप करायला कोणाला वेळ नसतो, आणि तसं कोणी तोंडावर सांगतही नाही.

तिसरी पायरी: त्या दिवशी उत्तर देऊ नका

नकार आला की पहिल्या तासात कोणालाही काही पाठवायचं नाही. संपादकाला नाही, लेखकांच्या गटावर नाही, स्टेटसलाही नाही. राग आला असेल तर कागदावर काढा. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात असे प्रयोग सुरू केले. लोकांनी मनाला लागलेल्या गोष्टीविषयी सलग काही दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं मोकळेपणी लिहायचं, कोणाला दाखवायचं नाही. पुष्कळांना त्याचा उपयोग झालेला दिसला. आपल्याला लिहायची सवय आहेच. मात्र ते लिखाण ईमेलच्या खिडकीत करू नका. बोट चुकून 'पाठवा'वर पडायला वेळ लागत नाही.

रविवारी सकाळी लेखकांच्या गटांवर 'आजच्या पुरवणीत माझा लेख' अशी कात्रणं पडतात. ज्या आठवड्यात तुमचा लेख परत आला असेल, त्या रविवारी गट म्यूट करा. सोमवारी उघडा, आणि ज्याचा लेख खरोखर आवडला असेल त्याला तसं कळवा.

चौथी पायरी: नकाराची जात ओळखा

सगळे नकार सारखे नसतात, आणि नवखे लोक इथेच गोंधळतात.

'लांब झालाय, सातशे शब्दांत बसवाल का?' हा नकार मुळी नाहीच, ती मागणी आहे. 'सुरुवात जड वाटते' किंवा 'दुसरा भाग जास्त चांगला आहे' हेही तसंच. संपादकाने लेख शेवटपर्यंत वाचला आणि वेळ काढून लिहिलं, याचा अर्थ त्याला तो हवासा वाटला आहे. अशा उत्तरावर रुसून बसणारे लेखक मी पाहिले आहेत. चार दिवसांत दुरुस्त मजकूर परत करा.

'हा विषय नुकताच येऊन गेला.' हे पडताळून पाहता येतं. पणजीत पाटो भागातल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जा. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय आहे, आणि तिथे वृत्तपत्रं पाहायला मिळतात. गेल्या दोन-तीन महिन्यांच्या त्याच पुरवण्या चाळा. विषय खरंच येऊन गेला असेल तर तुमचा वाचनाचा गृहपाठ कमी पडला. आला नसेल तर ते शिष्टाचाराचं वाक्य आहे, त्यावर डोकं खाजवत बसू नका. एरवीही महिन्यातून एक दुपार तिथे घालवली तर कोणत्या पुरवणीला ललित चालतं, कोणाला माहितीपर लागतं, आणि कोण नव्या नावांना जागा देतं ते आपोआप कळतं.

'आमच्या धोरणात बसत नाही.' गोव्यात या वाक्याला वजन आहे. इथल्या काही वृत्तपत्रांच्या मालकीचा आणि खाण उद्योगाचा जुना संबंध आहे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये पुन्हा पडल्या, आणि त्यावर प्रत्येक वृत्तपत्राचं वेगळं मत आहे. भाषेचं तर विचारूच नका. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापराची मुभा राहिली. त्या वादाची धग अजून गेलेली नाही. जमिनींचं रूपांतर, कॅसिनो, हेही तसेच विषय. यावर लिहू नका असं मी अजिबात म्हणणार नाही. पण लेख पाठवण्यापूर्वी त्या वृत्तपत्राचा मालक कोण आणि गेल्या वर्षभरात त्याने या विषयावर काय छापलं हे पाहा. धोरणामुळे परत आलेल्या लेखात एक शब्दही न बदलता तो दुसरीकडे द्यायचा असतो.

आणि मग नुसतंच 'साभार परत'. त्यातून काही शिकण्यासारखं नसतं. वहीत तारीख टाका, पुढच्या रकान्यातल्या ठिकाणी पाठवा.

पाचवी पायरी: मौनाला मुदत घाला

सगळ्यात जास्त वाट्याला येतो तो न आलेला नकार. संपादकांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली असते, आणि नवा लेखक रोज मेल उघडून बसतो. पुरवणीला तीन-चार आठवडे द्या, प्रकाशकाला हस्तलिखितासाठी चार-सहा महिने. मग एकदा विचारा, एकदाच, आणि असं:

'नमस्कार. अमुक तारखेला "…" हा लेख (७५० शब्द) आपल्याकडे पाठवला होता. त्याविषयी आपला विचार झाला असल्यास कळवावं, ही विनंती. लेख नव्याने सोबत जोडत आहे. पुढील आठवड्यापर्यंत कळलं नाही तर तो अन्यत्र देईन. लोभ आहेच.'

फोन करायचा असेल तर दुपारी. संध्याकाळी पानं लागत असतात, त्या वेळी संपादकाकडून मिळणारं उत्तर 'नाही' असंच असणार. आठवडा उलटला की लेख मोकळा झाला असं समजून पुढे पाठवा. नंतर पहिल्या ठिकाणाहून 'घेतोय' असा निरोप आला तर स्पष्ट सांगा की आता तो दुसरीकडे दिला आहे. हे सांगताना ओशाळायचं कारण नाही, तुम्ही लेखी मुदत दिली होती.

सहावी पायरी: माणूस पुन्हा भेटणार आहे

मोठ्या शहरात नकार देणाऱ्या संपादकाचं तोंड आयुष्यात दिसत नाही. इथे तो पुढच्या शनिवारी कला अकादमीतल्या नाटकाला मागच्या रांगेत बसलेला असतो, किंवा मडगावच्या दिंडीत, किंवा तुमच्या मावसबहिणीच्या लग्नात पंगतीला. तिथे 'सर, माझ्या लेखाचं काय झालं?' असं विचारू नका. तो चारचौघांत गोड बोलेल, 'बघतो' म्हणेल, आणि तुम्ही त्या 'बघतो'वर आणखी दोन महिने काढाल. नाटकाविषयी बोला, त्याच्या पुरवणीत आवडलेल्या एखाद्या लेखाविषयी बोला. दुसऱ्या दिवशी हवं तर मेल करा.

ओळखीच्या माणसाकडून शब्द टाकायचा मोह इथे फार होतो, कारण प्रत्येकाचा कोणी ना कोणी ओळखीचा असतोच. लेख वाचला जावा यासाठी एखाद्या ज्येष्ठाने नाव सांगितलं तर ते ठीक. पण परत आलेला लेख आमदाराच्या सचिवाकडून पुन्हा आत ढकलायचा प्रकार केलात, तर एक लेख छापून येईल आणि पुढचे चार वाचलेही जाणार नाहीत. नकाराच्या मेलचा स्क्रीनशॉट गटावर टाकणं तर त्याहून वाईट. तो संध्याकाळपर्यंत संपादकाच्या फोनवर पोचलेला असतो.

सातवी पायरी: लेख उसवा आणि पुन्हा शिवा

एक उदाहरण घेऊ. तुम्ही चतुर्थीच्या माटोळीवर अठराशे शब्दांचा लेख लिहिलात. गणपतीच्या डोक्यावर बांधायची ती रानफळांची आणि भाज्यांची चौकट, तिची परंपरा, तिचं पर्यावरणाशी नातं, कला व संस्कृती संचालनालयाची माटोळी स्पर्धा, सगळं त्यात आहे. लेख परत आला. आता?

प्रथम तो मोठ्याने वाचा. बहुधा पहिले तीनशे शब्द 'गोवा ही उत्सवांची भूमी' छापाचे निघतील, ते गोव्यातल्या वाचकाला नको असतात. खरा लेख कुठे सुरू होतो ते शोधा. म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या बाजारात चतुर्थीच्या आदल्या दिवसांत कांगणां, कवंडळ, आंबाडे घेऊन बसलेल्या बाईशी तुमचं बोलणं झालं असेल, तर लेख तिथे आहे. ती कोणत्या डोंगरातून माल आणते, काय मिळेनासं झालंय, घासाघीस कशी चालते. त्यावर सातशे शब्द लिहिलेत तर तो वेगळाच लेख होतो, आणि ज्याने पहिला परत केला त्यालाही तो दाखवता येतो.

उरलेल्या मजकुराचे आणखी उपयोग आहेत. रेडिओसाठी तोच विषय बोलीच्या लयीत, छोट्या वाक्यांत लिहावा लागतो. ऐकणाऱ्याला मागचं वाक्य परत वाचता येत नाही, म्हणून फळांची लांबलचक यादी तिथे चालत नाही. पुण्या-मुंबईच्या मासिकाला पाठवायचं तर माटोळी म्हणजे काय इथपासून सांगावं लागेल, आणि तिथे फोटोशिवाय भागणार नाही. देवनागरी कोकणीत हात चालत असेल तर त्या नियतकालिकांसाठी नव्याने लिहा. नुसता अनुवाद पाठवलात तर मराठी वाक्यं कोकणी वेषात फिरताना लगेच ओळखू येतात. आणि काहीच जमलं नाही तर मोसमी लेखाला पुढचं वर्ष असतं.

उसवण्यासारखं काहीच नाही असेही लेख असतात. त्यातलं एखादं चांगलं वाक्य काढून ठेवा आणि बाकीचं सोडून द्या.

विषय चोरला असं वाटलं तर

तुमची कल्पना नाकारली आणि महिन्याभरात त्याच पुरवणीत त्याच विषयावर दुसऱ्याचा लेख आला, की रक्त उसळतं. जरा थांबा. प्रताधिकार (कॉपीराइट) कल्पनेवर नसतो, ती ज्या शब्दांत मांडली त्यावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एका नाटकाच्या आणि चित्रपटाच्या वादात हे स्पष्ट केलं. शिवाय गोव्यातले विषय दरवर्षी तेच फिरून येतात, दोघांना एकच सुचणं नवलाचं नाही. पण वाक्यंच्या वाक्यं तुमची असतील तर गोष्ट वेगळी. मग तुमचा तारीखवार मेल आणि छापलेलं पान शेजारी ठेवून संपादकाला शांतपणे लेखी कळवा. यापासून बचाव म्हणून नुसता विषय पाठवण्यापेक्षा विषयाबरोबर सुरुवातीचे दीड-दोनशे शब्द पाठवावेत.

परत आलेला लेख पूर्णपणे तुमचाच राहतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. 'आमच्याकडे आला होता म्हणजे आमचा' असं कोणी म्हणालं तर ऐकून घ्यायची गरज नाही.

गिऱ्हाइकाचा नकार वेगळा

पुरवणीसाठी तुम्ही स्वतःहून लिहिता, तिथे नकाराबद्दल पैसे मागता येत नाहीत. पण हॉटेलने माहितीपत्रक लिहून मागितलं, तुम्ही लिहिलंत, आणि मग 'साहेबांना आवडलं नाही' असं आलं, तर ते झालेलं काम आहे. म्हणून काम घेतानाच मेलवर तीन गोष्टी ठरवा: अर्धी रक्कम आगाऊ, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, आणि मधेच काम थांबवलं तर किती द्यायचं. तोंडी ठरलेल्या गोष्टी मालकाचा भाऊ मीटिंगला आला की बदलतात.

हल्ली 'हे आम्ही एआयकडून करून घेऊ' असाही नकार येतो. वाद घालू नका. 'तयार मजकूर तपासून, गोव्याच्या संदर्भात दुरुस्त करून देईन, दर अमुक' असं सांगून ठेवा. गावांची नावं आणि सणांचे तपशील चुकलेलं पत्रक छापून आलं की आठवण होते.

घरखर्च पुरवण्यांच्या मानधनावर अवलंबून ठेवू नका. ते थोडं असतं, काही ठिकाणी नसतंच, हे आधी विचारून घ्यावं. अनुवाद, संपादन, मुद्रितशोधन असं एखादं नियमित काम हाताशी असलं की एका लेखाचा नकार एका लेखापुरता राहतो.

फारच लागलं तर

दोन-तीन दिवस उदास वाटणं चालायचंच. पण आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, लिहायला बसणंच नको वाटत असेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर तो लेखनाचा प्रश्न राहिलेला नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फोन मोफत आहे. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं.

महिन्यातून एकदा वही उघडा

महिन्याच्या पहिल्या शनिवारी तासभर पुरतो. मुदत उलटलेल्या लेखांना आधी पुढच्या ठिकाणी पाठवा. तीन ठिकाणांहून परत आलेला लेख चौथ्या ठिकाणी पाठवण्याआधी जाणत्या मित्राला वाचायला द्या, मात्र 'कसा वाटला?' असं न विचारता 'कुठे कंटाळा आला?' असं विचारा. एकाच संपादकाकडून सलग नकार येत असतील तर काही महिने त्याला पाठवणं थांबवून त्याची पुरवणी नुसती वाचा. मोसमी लेख वेगळ्या पानावर घ्या आणि प्रत्येकापुढे पाठवायचा महिना लिहा: शिगम्याचे जानेवारीत, चिखलकाल्याचे मेमध्ये, माटोळीचे पाऊस धरताच.